जनावरांच्या पोटातून माळावर बी: क्लोव्हर आणि स्टायलोबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लोव्हर, स्टायलो अशा चाऱ्याच्या वनस्पतींचं बी जनावरांना खायला घालायचं आणि त्यांच्या शेणातून ते माळावर पेरलं जाऊ द्यायचं, अशी ही पद्धत. माण, खटाव, आटपाडी, जत या सातारा-सांगलीच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागातले गुरं-मेंढरं सांभाळणारे लोक तिच्याबद्दल आमच्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथं एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीची उत्तरं दोनदा नकोत म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा प्रकार नेमका काय आहे? बी खायला घातलं तर ते पचून जाणार नाही का?

बरंचसं पचतंच. पण क्लोव्हर, स्टायलो, बाभूळ अशा शेंगवर्गीय झाडांच्या बियांत काही दाणे टणक कवचाचे असतात. त्या कवचातून पाणी आत शिरत नाही, त्यामुळे पोटातल्या रसांचंही काही चालत नाही. दाताखाली सापडला नाही तर असा दाणा शेणातून जिवंत बाहेर पडतो, आणि पडतो तोही खतात. शेणाचा पो ज्या जागी पडतो तिथलं जुनं गवत दबून मरतं, म्हणजे नव्या रोपाला मोकळी जागा मिळते. ओलही बाजूच्या उघड्या मुरमापेक्षा पोच्या खाली जास्त टिकते.

थंड, ओल्या हवामानाच्या देशांत पशुपालक याच तत्त्वावर मीठ किंवा खनिज मिश्रणात क्लोव्हरचं बी मिसळून गुरांना देतात आणि गुरं कुरणभर पेरत फिरतात. ट्रॅक्टर न जाणाऱ्या उतारांवर त्याचा विशेष उपयोग होतो. आपल्याकडे अशा उतारांची वाण नाही.

२. क्लोव्हर म्हणजे आपलं बरसीमच ना? मग बरसीमचं बी माळावर पाडलं तर?

बरसीम क्लोव्हरच्याच कुळातलं आहे, पण माळाचं पीक नाही. ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरायचं, थंडीत वाढवायचं आणि दर दहा-पंधरा दिवसांनी पाणी द्यायचं. कृष्णाकाठी कराड, वाळवा, पलूस भागात विहीर किंवा उपसा योजनेचं पाणी असलेल्यांनी ते जरूर करावं, पण रानात पेरून, कापून. दहिवडीच्या किंवा जतच्या मुरमाड माळावर जूनमध्ये पडलेलं बरसीमचं बी उगवलंच तरी त्याला हवी ती थंडी आणि पाणी मिळणार नाही.

परदेशी व्हिडिओत दिसणारा पांढरा क्लोव्हर तर त्याहून नाजूक. जमिनीलगत सरपटणारं ते झाड थंड आणि वर्षभर ओल असलेल्या मुलखातलं आहे. आपल्या पूर्व भागात सरासरी पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही दोन तुकड्यांत, आणि मे महिन्यात माळ तव्यासारखा तापलेला. पांढऱ्या क्लोव्हरच्या बियांवर पैसे घालू नका. पद्धत त्यांची घ्यायची, बी आपल्या हवेला मानवेल असं.

३. मग कोणतं बी घ्यावं?

स्टायलो. हमाटा आणि स्कॅब्रा हे त्याचे दोन प्रकार आपल्या कामाचे आहेत. हमाटा बुटका, लवकर फुलणारा, पहिल्याच वर्षी भरपूर बी टाकणारा आहे. स्कॅब्रा झुडपासारखा वाढतो, मूळ खोल नेतो आणि जास्त वर्षं टिकतो. निम्मं-निम्मं मिसळून द्यायला हरकत नाही. दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले, पण देशातल्या कोरडवाहू कुरणांत बरीच वर्षं रुळलेले. बियाण्याची चौकशी राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ, झाशीची भारतीय गवत व चारा संशोधन संस्था किंवा तिचं धारवाडचं केंद्र इथं करावी. धारवाड सांगलीकरांना तसं जवळच.

चवळी, मटकी, हुलगा यांचे दाणे मोठे आणि मऊ असतात. जनावर ते चावून खातं, पचवतं. ते खाद्य झालं, पेरणी नव्हे. मारवेल, पवन्या, डोंगरी यांसारख्या गवतांचं बी हलकं, तुसाचं असतं आणि कवच शेंगवर्गासारखं नसतं. गवताचं बी हातानंच फोकावं. सुबाभूळ या पद्धतीनं पसरते, पण नको तितकी पसरते. कारण प्रश्न १४ मध्ये आहे.

४. गाय, म्हैस, मेंढी, शेळी यांत कोण चांगलं पेरतं?

या कामात मोठी जनावरं पुढं. गाय-बैल मेंढीइतकं बारीक चावत नाहीत, त्यामुळे त्यांच्या पोटातून जास्त दाणे अख्खे निघतात. खिल्लार गाय दिवसभर माळ तुडवणारी, त्यामुळे तिचं शेण लांबवर विखुरतं. म्हैस पाणी आणि सावली धरून बसते. तिचं शेण एकाच जागी, बहुतेक ओढ्याकाठी पडतं.

मेंढ्या-शेळ्या बारीक चावतात, रवंथही निगुतीनं करतात, म्हणून नुकसान जास्त होतं. पण क्लोव्हर-स्टायलोचे दाणे मुळातच एक-दोन मिलिमीटरचे, त्यातले काही सुटतातच. शिवाय लेंड्या माळभर सांडतात. शेणाच्या एका पोमध्ये दाटीवाटीनं शंभर रोपं उगवण्यापेक्षा शंभर लेंड्यांतून एकेक रोप आलेलं बरं. माडग्याळ मेंढ्यांचा खांडवा (कळप) असेल तर बियांचं प्रमाण वाढवा आणि काम चालू द्या.

हमाटाच्या शेंगेला टोकाशी आकडी असते. ती लोकरीत अडकते, म्हणजे मेंढी पोटातून पेरते आणि अंगावरूनही पेरते. कुसळी गवतानं मेंढपाळाला जो ताप दिला त्याच वाटेनं इथं थोडा फायदा होतो.

५. बी केव्हा खायला घालायचं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. मृग नक्षत्राच्या तोंडावर, म्हणजे मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा दुसरा आठवडा. कोकणाकडे किंवा उसाच्या पट्ट्यात उतरलेले मेंढपाळांचे वाडे याच सुमाराला गावाकडे परतलेले असतात, तेव्हा वेळ आपोआप जुळते.

वळवाच्या पहिल्या सरीला भुलून सगळं बी संपवू नका. वळीव येतो, माळ हिरवा दिसतो आणि मग पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडं. बियाचे दोन वाटे करा. एक मृगाच्या आधी, दुसरा आर्द्रा लागल्यावर. टणक दाणे सगळे एकदम उगवत नाहीत, हा निसर्गानंच काढलेला विमा आहे. दोन हप्ते करणं ही त्यात आपली भर.

सप्टेंबरच्या पावसावर बी द्यावं का, असंही विचारतात. पूर्व भागात परतीचा पाऊस चांगला होतो हे खरं, पण तेव्हा उगवलेलं रोप मूळ खोल जायच्या आत उन्हाळ्यात सापडतं. नकोच.

६. किती बी द्यायचं आणि कशातून?

कागदावर हिशोब मांडू. टरफल काढलेल्या १०० ग्रॅम हमाटात ४० हजारांच्या पुढं दाणे असतात. समजा त्यातले चौथाई अख्खे बाहेर आले, तर १० हजार. मोठं जनावर दिवसाला दहा-बारा वेळा शेण टाकतं. तीन दिवसांत तीस-पस्तीस पो, म्हणजे दर पोमागं तीनशेच्या आसपास दाणे. त्यातली दोन-चार रोपं जगली तरी पुष्कळ. म्हणून मोठ्या जनावराला एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त देण्यात अर्थ नाही. तेच बी तीन-चार दिवस थोडं थोडं दिलं तर जास्त जागी पसरतं. मेंढी-शेळीला अंदाजानं एक मूठ दहा जणींत.

द्यायचं आंबोणातून. कोंडा किंवा भरडा गुळाच्या पाण्यानं जरा ओलसर करा, चिमूटभर मीठ टाका, बी त्यात घोळवा. ओल नसेल तर बारीक बी गव्हाणीच्या तळाशी बसतं आणि जनावर वरचं चाटून निघून जातं. पण मिश्रण कालवून रात्रभर ठेवू नका. कालवलं की लगेच पुढ्यात ठेवा. पाणी शोषून फुगलेला दाणा पोटात टिकत नाही.

७. स्टायलोचं बी पेरण्याआधी गरम पाण्यात भिजवायला सांगतात. खायला घालण्याआधीही तसंच करायचं का?

नाही. हातानं पेरायचं असेल तेव्हाच ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात काही मिनिटं ठेवून कवच मऊ करतात, म्हणजे उगवण लवकर होते. पोटातून पाठवायचं असेल तर त्या कवचावरच सगळी मदार आहे. ते मऊ केलंत तर जनावराला महागडी पेंड खाऊ घातल्यासारखं होईल. बी विकत घेताना विचारून घ्या: प्रक्रिया केलेलं आहे की नाही?

यालाच जोडून दुसरा, धोक्याचा मुद्दा. थायरमसारखं बुरशीनाशक चोळलेलं बी जनावराला कधीही देऊ नका. अशा बियाला बहुधा लाल-गुलाबी-निळा रंग असतो, पिशवीवर सूचना असते. धुऊन दिलं तर चालेल का, असंही विचारतात. चालणार नाही.

८. बियाला रायझोबियम (मुळांवर गाठी धरणाऱ्या जिवाणूंचं खत) लावून द्यावं का?

पोटात ते जिवाणू टिकत नाहीत, त्यामुळे पाकीट वाया जातं. क्लोव्हरला त्याचा ठरावीक रायझोबियम लागतो, त्यामुळे क्लोव्हर नव्यानं नेतात तिथं हा प्रश्न अवघड होतो. स्टायलो त्याबाबत चोखंदळ नाही. चवळी-मटकीच्या मुळांवर गाठी धरणारे जे जिवाणू आपल्या रानात आधीपासून असतात, ते त्याला बहुधा पुरतात.

९. बी खाल्ल्यावर किती दिवसांनी बाहेर येतं? गोठ्यातलं शेण वाया जातं त्याचं काय?

गाय-बैलात दुसऱ्या दिवसापासून दिसू लागतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त, आणि आठवड्याभरात जवळजवळ संपतं. मेंढी-शेळीत हे सगळं एखादा दिवस लवकर उरकतं. म्हणून बी सुरू केल्यापासून शेवटच्या घासानंतर तीन-चार दिवसांपर्यंत जनावरं जिथं स्टायलो हवा त्याच माळावर फिरवा.

रात्रीचं शेण गोठ्यात पडतं ते सकाळी घमेल्यात भरून माळावर नेऊन टाका, पातळ, हातभर अंतरावर. उकिरड्यात टाकलं तर खत कुजताना होणाऱ्या उष्णतेनं बहुतेक बी मरतं. गोबरगॅसमध्येही तीच गत.

एक गोष्ट मात्र कुणी विचारत नाही: माळावरचं शेण शेण्या थापायला गोळा होतं. बी दिलेल्या आठवड्यात त्या माळावरचं शेण उचलू नये एवढं घरातल्या आणि शेजारच्या बायकांना सांगून ठेवा. स्टायलो चुलीत गेल्यावर मग पाऊस कमी पडला म्हणून चालत नाही.

१०. बी आतून जिवंत बाहेर पडलं हे कसं ओळखायचं?

दुसऱ्या दिवशीचं ताजं शेण तांब्याभर घ्या, बादलीत पाण्यात कालवा आणि पिठाच्या चाळणीतून ओता. वर राहिलेला चोथा पुन्हा पुन्हा धुवा. चोथ्यात पिवळट-तपकिरी, वाटाण्यासारखे गुळगुळीत पण मोहरीपेक्षाही बारीक दाणे दिसतील. ते नखानं दाबा. टणक असतील तर जिवंत असण्याची शक्यता मोठी, फुगून मऊ झालेले असतील तर गेले. उरलेले ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवले की आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. जे तसेच टणक राहतात त्यांना मेलेले समजू नका. ते पुढच्या पावसासाठी आहेत.

११. मेंढरं बसवली तर त्यातून स्टायलोची पेरणी होईल का?

होईल, पण वाघरीच्या (मेंढरं कोंडायच्या जाळीच्या) आत एकाच जागी लेंडी आणि मूत इतकं साचतं की बी उगवलं तरी दाटी होते. शिवाय मेंढरं बसवतात ती पेरणीच्या रानात, आणि बाजरीत स्टायलो कुणाला हवा? पडीक तुकडा सुधारायचा असेल तर वाघर रोज हलवा, एका जागी एकच रात्र. शेतात बसवायची असतील तर बी देणं आठवडाभर आधी थांबवा (दिवसांचा हिशोब प्रश्न ९ मध्ये).

१२. उगवलं छान, पण जनावरांनीच खाऊन टाकलं. मग उपयोग काय?

सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं, बियात नाही. जनावरानं पेरलं, आता जनावरानंच थांबायचं.

गाय स्वतःच्या शेणालगतचं गवत काही आठवडे टाळते, हे गुराखी जाणतात. तेवढं संरक्षण रोपाला आपोआप मिळतं. पण मेंढ्या-शेळ्या मागून आल्या तर त्यांना गाईच्या शेणाचं फारसं काही वाटत नाही. म्हणून बी पाडलेला तुकडा जून ते निदान सप्टेंबर अखेर बंद ठेवा. पहिल्या वर्षी फुलं येऊन शेंगा पिकेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत ठेवता आला तर फारच उत्तम. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी या गोष्टी आपल्या दुष्काळी गावांना नव्या नाहीत. पण गावभर बंदी घालायला गेलात तर पहिला फटका ज्याला स्वतःचं रान नाही त्या मेंढपाळाला बसतो. माळाचे तीन-चार तुकडे करून दरवर्षी एकच बंद ठेवावा, तोही मेंढपाळांना विचारून. न विचारता घातलेली बंदी रात्री मोडली जाते.

त्यानंतर दरवर्षी बी विकत घ्यायची गरज नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पिकलेला स्टायलो त्या तुकड्यात चारा आणि जनावरं तिथून दुसऱ्या तुकड्यावर न्या. हिवाळ्यात पडलेल्या शेणातलं टणक बी उन्हाळाभर तसंच राहतं. दिवसाची तलखी आणि रात्रीचा गारवा यांनी त्यातल्या काहींचं कवच सैल होतं, म्हणजे मृगाला ते तयार.

१३. यापेक्षा हातानं फोकलेलं काय वाईट?

काहीच वाईट नाही. सपाट, नांगरता किंवा कुळवता येईल असा तुकडा असेल तर हातानंच फोका. बी कमी लागेल आणि उगवण जास्त होईल. पोटातून जाताना बियांचा मोठा वाटा नष्ट होतो हे झाकण्यात अर्थ नाही. उतार, दगड, कुळव चालणार नाही अशी जागा आणि मजुरी परवडत नाही अशी परिस्थिती, तिथं जनावर जिंकतं. बरेच जण दोन्ही करतात: पायथ्याला हातानं, वर टेकडीवर गुरांकडून.

१४. याच वाटेनं तण पसरणार नाही ना?

पसरेल, आणि त्याचा पुरावा जत-आटपाडीच्या प्रत्येक रस्त्याकडेला उभा आहे. वेडी बाभूळ माणसानं आणली, पण तिला गावोगाव नेलं शेळ्या-गुरांनी. गोड शेंगा खाल्ल्या, टणक बी पोटातून निघालं, शेणात रुजलं. ती आणि स्टायलो एकाच युक्तीवर जगतात. म्हणून बी खायला घालायच्या आठवड्यात आणि त्याआधी चार-पाच दिवस जनावरं वेडी बाभळीखाली सोडू नका. तिच्या शेंगा उन्हाळ्यातच गळत असतात. नेमकं तेव्हाच इतर चारा संपलेला असतो हे मान्य, पण निदान ज्या तुकड्यावर मेहनत घेताय तिथं तरी ती पेरू नका. सुबाभळीला नको म्हणतो तेही यासाठीच.

बरसीम किंवा लसूणघासाचं बी विकत घेणाऱ्यांना अमरवेलीचा धोका. तिचं बारीक बी त्यात मिसळलेलं असतं आणि तेही टणक, पोटातून जिवंत निघणारं. बरसीमात कासनी या तणाचंही बी सापडतं. पेरणीसाठी मिठाच्या पाण्यात बी टाकून वर तरंगलेलं काढून टाकतात. अमरवेलीला मात्र हा उपाय पुरत नाही, तिथं प्रमाणित बियाणं हाच मार्ग.

बाहेरगावचा कडबा किंवा वाळलेली वैरण आणली असेल तरी हाच विचार करा. नवीन आलेली जनावरं माळावर सोडण्याआधी तीन-चार दिवस गोठ्यात ठेवली की पोटातलं बहुतेक परकं बी तिथंच पडतं.

१५. पोट फुगतं का?

बरसीम, क्लोव्हर, लसूणघास ओले, कोवळे, रिकाम्या पोटी भरपूर खाल्ले तर फुगतं, आणि वेळेत उपचार न मिळाल्यास जनावर दगावतं. आधी वाळली वैरण द्यायची, मग हिरवं. स्टायलोत ही भीती जवळपास नाही. खायला घातलेल्या चिमूट-मूठभर बियानं फुगत नाही.

१६. शेणकिडे बी पुरून टाकतात म्हणे. आणि जंताचं औषध?

शेणकिडे शेणाचे गोळे करून खाली नेतात. बोटाच्या जाडीइतकं खोल गेलेलं बी वर येऊ शकतं, वीतभर गेलेलं बारीक बी नाही. तरी किडे हवेतच. त्यांनी फोडला नाही तर पो वाळून खापरासारखा कडक होतो आणि रोपं फक्त कडेनं येतात. पावसाळ्यात माळावर जुना पो उलथून पाहा, मधली जागा रिकामी आणि कडेला हिरवी झालर दिसेल.

आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक दिलेल्या जनावराच्या शेणात त्याचा अंश उतरतो आणि शेणकिड्यांच्या अळ्या मरतात. जंतनाशक द्यायचंच आहे, पण बी देण्याच्या काही आठवडे आधी देऊन मोकळं व्हा. कोणतं आणि कधी, ते पशुवैद्यकांना विचारा.

१७. गायरानावर किंवा वनखात्याच्या रानात केलं तर चालेल?

गायरानासाठी ग्रामपंचायतीशी बोला, ग्रामसभेत विषय मांडा. नाहीतर तुमच्या बियावर दुसऱ्याची गुरं चरतील आणि भांडण तुमच्या दारात येईल. वनजमिनीत परवानगीशिवाय चराई नाही, मग पेरणी कुठली.

१८. आमचं रान पश्चिमेला, कासच्या बाजूला आहे. तिथं पाऊस भरपूर. तिथं तरी क्लोव्हर चालेल?

पाऊस भरपूर, म्हणूनच हा प्रश्न येतो. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे ते कातळावरच्या बोटभर मातीत उगवणाऱ्या, इतरत्र क्वचित सापडणाऱ्या फुलांसाठी. तिथं किंवा चाळकेवाडीसारख्या सड्यांवर बाहेरचं कुठलंही बी नेऊ नका, क्लोव्हर नाही, स्टायलोही नाही. नत्र साठवणारी झाडं शिरली की गरीब मातीवर जगणारी फुलं मागे हटतात. बी खाल्लेली जनावरंही आठवडाभर पठारावर सोडू नका. शिवाय तिथं पावसाळ्यानंतर कातळ तसाच कोरडा पडतो, पांढरा क्लोव्हर उन्हाळा काढणार नाही तो नाहीच. तिकडच्या शेतकऱ्यांनी घराजवळच्या बांधबंदिस्त रानात बरसीम किंवा मका करावा.

१९. सगळं केलं, पण पहिल्या वर्षी काहीच दिसलं नाही. बी खोटं होतं का?

असेलही. प्रश्न १० मधली चाळणीची परीक्षा केली असती तर जूनमध्येच कळलं असतं. पण बहुतेक वेळा रोपं असतात, फक्त ओळखू येत नाहीत. पहिल्या पावसाळ्यात स्टायलो बोटभर-वीतभरच असतो, गवतात लपतो. तीन-तीन बारीक, टोकदार पानं आणि ऑक्टोबरच्या सुमारास चिमुकलं पिवळं फूल ही खूण. स्कॅब्राची पानं-देठ हाताला खरबरीत, चिकट लागतात. बी दिलेल्या आठवड्यात पडलेल्या काही पोंच्या शेजारी दगड रचून ठेवा आणि तेवढ्याच जागा तपासा.

तरी नाही दिसलं तर दुसरा मृग जाऊ द्या. टणक बियांचा वाटा तेव्हा उगवतो. दोन पावसाळ्यांनंतरही दगडांच्या शेजारी काही नसेल, तर नव्या बियाला पैसे घालण्याआधी तो तुकडा खरोखर बंद राहिला होता का, ते गुराख्याला विचारा.